सागरी पुरातत्त्वाचा स्वयंसेवी गट कसा चालवावा: कोकण-गोवा किनाऱ्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

भारतात सागरी पुरातत्त्वाचं काम मोजक्या माणसांनी पेललं आहे. डॉ. एस. आर. राव यांनी १९८०च्या दशकात गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून द्वारकेच्या समुद्रातलं काम उभं केलं. २००१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पाण्याखालच्या पुरातत्त्वासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. पगारी जागा मात्र आजही बोटांवर मोजण्याएवढ्याच आहेत आणि किनारा डहाणूपासून काणकोणपर्यंत पसरला आहे. एखाद्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीत उघडा पडलेला जुन्या जहाजाचा दगडी नांगर पुढच्या जेट्टीच्या भरावात गाडला जाण्याआधी कुणीतरी तिथे पोचून त्याची मापं घ्यायला हवीत. स्वयंसेवी गटाची गरज इथेच आहे.

असे गट सुरू होतात उत्साहात आणि बहुतेकदा दोन-तीन वर्षांत थंडावतात. बुड्या मारण्याची स्वप्नं मोठी असतात, नोंद ठेवण्याची शिस्त मात्र नसते. गटाचं खरं भांडवल दोनच गोष्टींत असतं: नीट ठेवलेली स्थळांची नोंदवही, आणि मच्छीमार व सरकारी खाती या दोघांचा गटावर असलेला विश्वास. पुढचा प्रत्येक नियम ही दोन भांडवलं राखण्यासाठी आहे.

आधी ठरवा: गट काय करणार नाही

पहिल्या बैठकीत उद्दिष्टांची लांबलचक यादी करू नका. काय करायचं नाही ते चार वाक्यांत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

गट उत्खनन करणार नाही. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, तोही संस्था आणि प्रशिक्षित उत्खनक पाहून. गटातली माणसं परवानाधारक संस्थेच्या मोहिमेत जाऊ शकतात, पण गट म्हणून फावडं हातात घ्यायचं नाही. गट समुद्रातून वस्तू वर काढणार नाही. वस्तूंची खरेदी-विक्री, किंमत ठरवणं, खासगी संग्राहकाला ‘ही किती जुनी?’ हे सांगणं, यातलं काहीही करणार नाही. आणि गट कुठल्याही स्थळाचे अक्षांश-रेखांश जाहीर करणार नाही.

युनेस्कोच्या २००१च्या पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाविषयीच्या करारात हीच तत्त्वं आहेत. किमान शंभर वर्षं पाण्याखाली असलेला वारसा शक्यतो जागच्या जागी जपावा आणि त्याचा व्यापार होऊ नये, असं तो सांगतो. भारताने हा करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे तो इथे कायदा म्हणून लागू होत नाही. तरी त्याच्या परिशिष्टातले ३६ नियम गटाची आचारसंहिता म्हणून जसेच्या तसे घ्यावेत. परदेशी विद्यापीठांशी काम करताना पहिला प्रश्न याचाच येतो.

नोंदणी आणि घटना

सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते. गोव्यात सोसायटी निबंधकांकडे जावं लागतं. दोन्ही राज्यांत काम करायचं असलं तरी नोंदणी एकाच ठिकाणी करा. जिथे सचिव आणि हिशेब ठेवणारा राहतो, ते ठिकाण निवडा. कार्यालय मुंबईत आणि कामं करणारी माणसं मालवणात, अशी विभागणी झाली की कागद कायम मागे पडतात.

नोंदणीआधी सहा महिने अनौपचारिक चालून बघावं. या काळात दोन किनारी सर्वेक्षणं आणि त्यांचे लेखी अहवाल झाले, तर गटात काम करणारी माणसं आहेत हे कळतं. अहवाल झाले नाहीत, तर नोंदणी करून पदरी फक्त लेखापरीक्षणाचा खर्च पडेल.

घटनेत हे मुद्दे नेमके आकडे घालून लिहा. कार्यकारिणी सात जणांची. मुदत दोन वर्षं. सलग दोन मुदतींनंतर किमान एका मुदतीची विश्रांती. दरवर्षी जवळपास निम्म्या जागा रिकाम्या व्हाव्यात, म्हणजे सगळी जुनी माणसं एकदम जात नाहीत. सभेचं इतिवृत्त सात दिवसांत सभासदांना जावं. महाराष्ट्रात पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांच्या आत द्यायचा असतो. तो राहिला की बँक सह्या बदलून देत नाही, आणि सह्या बदलल्या नाहीत की खातं अडकून पडतं. छोट्या संस्था बंद पडण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे.

या क्षेत्रातली एक खास अडचण म्हणजे अनुभवी लोकांपैकी बरेच जण सरकारी नोकरीत किंवा सरकारी अनुदानावरच्या संस्थांत असतात. केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांनुसार शास्त्रीय संस्थेच्या कामात भाग घेता येतो, पण निवडून द्यायच्या पदासाठी आधी कार्यालयाची मंजुरी लागते. म्हणून अशा तज्ज्ञांना अध्यक्षपदासाठी गळ घालू नका. तीन-चार जणांचं सल्लागार मंडळ करा, तिथे निवडणूक नको. त्यांच्याकडून वर्षातून दोनच गोष्टी मागा: सर्वेक्षणाचा आराखडा तपासणं आणि अहवाल छपाईआधी वाचणं.

सभासद कोण

दोन वर्ग पुरे आहेत. मतदान करणारे सभासद म्हणजे पुरातत्त्व, इतिहास, समुद्रविज्ञान, भूशास्त्र, जतनशास्त्र यांपैकी एखाद्या विषयाचं शिक्षण किंवा गटासोबत केलेल्या किमान तीन सर्वेक्षणांचा अनुभव असलेले. सहयोगी सभासद म्हणजे विद्यार्थी, मच्छीमार, डायव्हिंग प्रशिक्षक, किनाऱ्यावरचे शिक्षक. तीन सर्वेक्षणांची अट मुद्दाम ठेवावी. पदवी नसलेला पण खाडीचा खडान्‌खडा माहीत असलेला माणूस याच दारातून मतदार होतो.

प्रवेश अर्जात तीन प्रश्न असावेत. जुन्या वस्तूंच्या व्यापाराशी किंवा बुडालेल्या जहाजांतला माल काढण्याच्या धंद्याशी संबंध आहे का? बंदर, जेट्टी, वाळूउपसा अशा प्रकल्पांसाठी सल्लागार म्हणून काम करता का? डायव्हिंगचं प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं आहे? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर प्रवेश नाही. दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर प्रवेश द्यावा, पण त्या तालुक्याच्या नोंदी त्या माणसाला दिसणार नाहीत आणि त्यावरच्या चर्चेत तो बसणार नाही. हे आधी लिहून ठेवलं की वेळ आल्यावर कुणाला अपमान वाटत नाही.

कायदा, जेवढा रोज लागतो तेवढा

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा १९५८ आणि त्यातली २०१० सालची दुरुस्ती: केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला हे सगळे संरक्षित आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या मालिकेतून जागतिक वारसा यादीतही गेले. इथे तिवई मांडून मोजमाप करायचं असलं तरी आधी पत्र द्यावं.

पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२: शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षं. निखात निधीचा १८७८चा कायदा: जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. वाळूत नाणी मिळाली की हाच कायदा लागू होतो. दहा रुपयांची मर्यादा वाचून कुणी हसण्यावारी नेऊ नये.

बंदर हद्दीत होडी नेऊन काम करायचं तर महाराष्ट्रात सागरी मंडळ, गोव्यात बंदर कप्तान. मालवणच्या सागरी अभयारण्यात वनखातं. ड्रोनसाठी २०२१चे नियम आणि नकाशावरचे हिरवे-पिवळे-लाल पट्टे. मुंबई, कारवार, वास्को इथे नौदलाचे तळ आहेत हे विसरू नका. सोनार (ध्वनिलहरींनी तळ शोधणारं यंत्र) किंवा खोली मोजणारं कुठलंही यंत्र गटाने स्वतःहून पाण्यात घालू नये. त्या मोजणीचा संबंध देशाच्या सुरक्षेशी येतो आणि एका चुकीच्या दिवशी गटाची सगळी पत कोस्ट गार्डच्या चौकीत खर्ची पडते.

प्रत्येक सर्वेक्षणाआधी किमान २१ दिवस एकच पानी पत्र पाठवा: स्थळ, तारखा, माणसांची नावं, होडीचा नोंदणी क्रमांक, ‘काहीही उचलणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत. प्रत पोलीस ठाण्याला, तहसीलदाराला आणि ग्रामपंचायतीला. पोचपावतीची प्रत सर्वेक्षणाच्या दिवशी खिशात हवी.

वर्षाचं वेळापत्रक

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पण पाणी गढूळच राहतं. बुडी मारायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, तोही खाडीच्या तोंडापासून दूर. म्हणून जून-जुलैत नोंदवही, अहवाल, संग्रहालयं आणि मच्छीमारांच्या भेटी. ऑगस्ट-सप्टेंबरात इतर गावभेटी. ऑक्टोबर ते मार्च मैदानी काम. एप्रिल-मे हिशेब आणि वार्षिक सभा. बंदीचे दोन महिने मच्छीमारांशी निवांत बोलण्यासाठी सगळ्यात चांगले, कारण तेव्हा माणसं घरी जाळी विणत बसलेली असतात.

वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचं, काम पावसाळ्यातही होतं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची लढाई कोरलेली आहे. अशा शिल्पांतली जहाजं, वल्ह्यांची संख्या, नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) आकार मोजून नोंदवणं हेही सागरी पुरातत्त्वच. पोहायला न येणाऱ्या सभासदाला पहिलं काम हेच द्यावं.

किनारी सर्वेक्षणाचा दिवस पंचांगावरून ठरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोकणात सगळ्यांना पाठ असतं. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उधाणाचा जोर पुढचे एक-दोन दिवस असतो. हिवाळ्यात सहाला अंधार असतो, म्हणून द्वितीया सोयीची: पूर्ण ओहोटी साधारण सातला होते, पाणी खूप आत गेलेलं असतं आणि तिरपं ऊन दगडावरच्या छिन्नीच्या खुणा स्पष्ट दाखवतं. मालवण-गोव्याकडे पूर्ण ओहोटी मुंबईपेक्षा सुमारे तासभर आधी होते, तिथे तृतीया घ्यावी. मुंबईला उधाणाचा चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, गोव्यात जेमतेम दोन. त्यामुळे रायगड-पालघरच्या किनाऱ्यावर जे उघडं पडतं, ते दक्षिणेला पडेलच असं नाही. भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराच्या दिवशी, अष्टमीच्या आसपास, किनाऱ्यावर जाऊन वेळ फुकट जातो. पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडायला ठीक आहे, पण वेळ अधिकृत भरती-ओहोटी तक्त्यावरूनच पक्की करा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाणी फिरलं की अर्ध्या तासात निघा. एकाने फक्त घड्याळ आणि पाण्याकडे लक्ष ठेवायचं, दुसरं काही काम त्याला द्यायचं नाही.

तांडेलांशी (होडीच्या म्होरक्यांशी) बोलणं

बुडालेल्या जहाजांची माहिती सगळ्यात आधी जाळ्याला कळते. पण ‘इथे जुनं जहाज बुडालंय का?’ असं विचारलं की उत्तर म्हणून दंतकथा मिळते किंवा मौन. विचारायचं असं: जाळं कुठे फाटतं? कुठल्या जागी डोल (खुंटांना बांधायचं जाळं) लावत नाही? तिथे खडप (पाण्याखालचा खडक) आहे की दुसरंच काही? किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी? जाळ्यात कधी विटा, खापरं, लाकूड आलं?

मच्छीमार जागा लक्षात ठेवतात त्या किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून: देवळाचा कळस डोंगराच्या अमुक खिंडीत आला आणि दुसऱ्या बाजूला बेटाचं टोक बुरुजाच्या रेषेत आलं की ती जागा. ही पद्धत अचूक आहे, फक्त ती कागदावर उतरवायला हवी. तांडेलाबरोबर होडीत जा, खुणा जुळल्या की दोन्ही दिशांचे फोटो घ्या, होकायंत्राने दोन्ही दिशांचे अंश लिहा आणि मगच जीपीएसचा आकडा टिपा. दोन्ही रेषांमधला कोन ६० ते १२० अंशांच्या दरम्यान असेल तर जागा पक्की. तो ३० अंशांच्या खाली असला तर चूक फार मोठी होते. तिथे तिसरी खूण मागा. होकायंत्र इंजिनापासून दूर, होडीच्या पुढच्या भागात धरा.

होडीचं भाडं आणि दिवसाची मजुरी ठरवून, रोख आणि पावतीसह द्या. मच्छीमाराचा बुडालेला दिवस ‘संशोधनासाठी’ म्हणून फुकट मागणं चूक आहे. जागा दाखवणाऱ्याचं नाव अहवालात घालायचं की नाही, हे त्याला विचारून, उत्तर नोंदवहीत लिहा. जाळं जिथे अडकतं तिथे मासेही असतात, म्हणजे ती जागा त्याच्या पोटापाण्याची असते. ती शेजारच्या गावाला कळली तर नुकसान त्याचं होतं. गटाचा अहवाल छापला की पहिली प्रत मच्छीमार सहकारी सोसायटीत, मराठीत, दोन पानांचा सारांश करून द्या.

‘खजिना’ हा शब्द गटातल्या कुणीही, कुठल्याही संदर्भात, गावात उच्चारू नये. एका आठवड्यात अफवा पसरते आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी रात्री पहार घेऊन तिथे पोचतं.

एक दगडी नांगर नोंदवायचा तर

हे काम प्रत्येक सभासदाला हात न थरथरता करता यायला हवं, म्हणून ते नीट समजून घ्या. कोकण-गोवा किनाऱ्यावर दगडी नांगर बऱ्याच ठिकाणी नोंदले गेले आहेत, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गजवळही. इंडो-अरब प्रकारचा नांगर म्हणजे लांब, चौकोनी छेदाचा दांडा. वरच्या टोकाजवळ दोरासाठी गोल भोक आणि खालच्या भागात एकमेकांना काटकोनात आरपार गेलेली दोन चौकोनी भोकं, ज्यांत लाकडी फाळ बसवत. जुन्या बंदरांच्या गावात असा दांडा पायरी, उंबरठा किंवा होड्या बांधायचा खांब म्हणूनही वापरात असतो, तेव्हा नजर पाण्याच्या काठापुरती ठेवू नका.

सामान: ५ मीटरचा आणि ३० मीटरचा फीत-टेप, १० आणि ५० सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, उत्तर दाखवणारा बाण, होकायंत्र, पेन्सिली, पाण्यात न विरघळणारा कागद, मऊ ब्रश. लोखंडी खरवडणी आणू नका.

१. हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो. एक पट्टीसह, एक पट्टीविना, एक लांबून, मागची झाडं-देऊळ दिसेल असा.

२. स्थान. साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते. दशांश अंशांत, दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहा, म्हणजे सुमारे एक मीटर. सहा-सात आकडे लिहिल्याने अचूकता वाढत नाही, फसवणूक वाढते. कुठली आधारपद्धती वापरली (डब्ल्यूजीएस ८४) तेही लिहा.

३. मापं. एकूण लांबी. वरच्या टोकाची, मधली आणि खालच्या टोकाची रुंदी व जाडी. प्रत्येक भोकाचा आकार दोन्ही तोंडांना, आणि भोकाच्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंतचं अंतर. प्रत्येक माप एकाने वाचायचं, दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं आणि लिहायचं. भोकाची दोन्ही तोंडं न मोजणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. छिन्नी दोन्ही बाजूंनी चालवलेली असली की भोक मध्ये अरुंद असतं, आणि ते घडवण्याच्या पद्धतीविषयी सांगतं.

४. अर्धा गाडलेला असेल तर ‘दिसणारी लांबी’ असं लिहा आणि वाळू उकरू नका.

५. दगड. बेसॉल्ट, जांभा, वालुकाश्म की ग्रॅनाइट, एवढं डोळ्यांनी पाहून लिहा आणि शंका असेल तर शंका लिहा. तुकडा तोडायचा नाही. जिथे बेसॉल्ट नाही अशा किनाऱ्यावर बेसॉल्टचा नांगर सापडला, तर तो कुठून आला हा मोठा प्रश्न उभा राहतो.

६. वजनाचा अंदाज. लांबी × रुंदी × जाडी × घनता. १.५ × ०.३५ × ०.२५ मीटर म्हणजे ०.१३ घनमीटर. बेसॉल्टची घनता घनमीटरला २.८ टन धरली तर सुमारे ३६५ किलो. भोकांचं आणि निमुळतेपणाचं वजा धरून ‘३०० ते ३५० किलो’ असं लिहा.

७. त्रिमितीय प्रतिमेसाठी दोन फेऱ्यांत फोटो, एक गुडघ्याच्या आणि एक खांद्याच्या उंचीवरून, लागोपाठच्या दोन फोटोंत किमान दोन-तृतीयांश भाग सारखा. कडेला किमान दोन पट्ट्या कायम दिसत राहाव्यात. ओल्या दगडावर ऊन चमकलं की प्रतिमा बिघडते. छत्रीची सावली धरा.

८. जागेवरून निघण्याआधी नोंदवलेली मापं आणि कच्चं रेखाटन एकमेकांशी ताडून पाहा. घरी गेल्यावर सापडलेली चूक पुढच्या उधाणापर्यंत दुरुस्त होत नाही.

वस्तू हाती आलीच तर

गट वस्तू काढत नाही, पण जाळ्यात आलेली वस्तू घेऊन कुणीतरी दारात उभं राहतंच. तेव्हा काय करायचं ते आधी ठरलेलं हवं, कारण नुकसान पहिल्या काही तासांत होतं.

पाण्यात शतकं राहिलेली वस्तू वाळू देऊ नका. लाकडातलं पाणी गेलं की पेशी आत कोसळतात आणि फळी वळते, चिरते. मातीच्या भांड्यात मुरलेलं मीठ वाळताना स्फटिक होतं आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. हस्तिदंत थर सुटून फाटतो. गोव्याजवळच्या सुंची रीफच्या बुडालेल्या जहाजातून हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात व चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले होते. तेव्हा असं काही या किनाऱ्यावर हाती येणं अशक्य नाही.

झाकणाचा प्लास्टिकचा टब, त्यात समुद्राचंच पाणी, वस्तू पूर्ण बुडालेली, टब सावलीत. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत आणि एक बाहेर: तारीख, होडी, अंदाजे जागा, किती वाव, कुणी आणली. घासणं, लिंबू, आम्ल, तेल, काही नाही. गोड्या पाण्यात हळूहळू नेऊन मीठ काढणं हे प्रयोगशाळेचं काम, गटाचं नाही. लोखंडी तोफगोळा उन्हात ठेवला तर तो वाळताना तापतो आणि तडकू शकतो. पोकळ गोळा किंवा कुठलीही शंकास्पद धातूची वस्तू असेल तर तिला हात न लावता पोलिसांना कळवा. ती स्फोटक असू शकते.

त्याच दिवशी जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, फोटोसह. पत्रावर मच्छीमाराचीही सही घ्या आणि त्याला प्रत द्या. त्याने वस्तू प्रामाणिकपणे आणून दिली हे कागदावर राहिलं, तरच पुढच्या वेळी तो आणून देईल.

बुडी मारणं

गटाने स्वतः डायव्हिंग आयोजित करू नये. परवानगी असलेल्या प्रकल्पात सभासद वैयक्तिक पात्रतेवर जातील आणि सुरक्षेची जबाबदारी प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेची राहील. प्रशिक्षण हवं असेल तर तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा संस्था आहे. तिथे बुडी शिका आणि मोजमाप पोहण्याच्या तलावात शिका. तलावाच्या तळाशी पाइपांचं ‘जहाज’ मांडून आधाररेषेवरून मापं घेण्याचा सराव किमान सहा वेळा व्हावा. ज्याला तलावात तरंगत राहून टेप सरळ धरता येत नाही, तो खऱ्या स्थळावर तळ ढवळतो आणि पाहायचं ते गाळाने झाकून टाकतो.

प्रत्येक सभासदाच्या कागदात विमा, वैद्यकीय दाखला आणि सगळ्यात जवळच्या दाबकक्षाचा (बुडीनंतरच्या दाबविकारावर उपचार करणाऱ्या कक्षाचा) दूरध्वनी असावा. अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. रविवारी दुपारी बुडी आणि रात्री मोपावरून विमान, हा बेत सर्रास केला जातो आणि तो धोक्याचा आहे.

नोंदवही

प्रत्येक स्थळाला एक क्रमांक: जिल्हा, तालुका, अनुक्रम. क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, स्थळ चुकीचं निघालं तरी नाही. नोंद दोन भागांत ठेवा. उघड्या भागात प्रकार, काळाचा अंदाज, तालुका, अवस्था आणि धोका. बंद भागात अचूक स्थान, खुणा, माहिती देणाऱ्याचं नाव. बंद भाग तिघांनाच दिसावा आणि कुणी कधी उघडला याची नोंद राहावी.

गळती कुठून होते? व्हॉट्सॲपवरून. फोनने काढलेल्या फोटोत स्थान लपलेलं असतं आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की ते सोबत जातं. म्हणून सर्वेक्षणात फोनचं स्थान-टिपणं बंद ठेवा आणि फोटो एकाच कॅमेऱ्याने काढा. गटाच्या गप्पांत आकडे टाकायचे नाहीत, ‘सिंधुदुर्ग-देवगड-१४’ एवढंच.

प्रतींसाठी सोपा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. कोकणातल्या दमट हवेत हार्ड डिस्क बुरशी आणि गंजाने जाते. डबा हवाबंद, आत सिलिका जेल, आणि दर पाच वर्षांनी डिस्क बदला. कागदी नोंदीही स्कॅन करून ठेवा, पण मूळ कागद टाकू नका.

सर्वेक्षणानंतर ९० दिवसांत अहवाल झाला नाही, तर त्या माणसाच्या नेतृत्वाखाली पुढचं सर्वेक्षण नाही. हा नियम कडक वाटतो, पण तो एकदा जरी ढिला केला तरी फोटोंनी भरलेली डिस्क आणि रिकामी नोंदवही एवढंच उरतं.

पैसा

चाळीस सभासदांचा गट समजा. तीस जणांची ६०० रुपयांप्रमाणे वर्गणी आणि दहा विद्यार्थ्यांची २०० प्रमाणे, एकूण २०,००० रुपये. त्यात लेखापरीक्षण आणि दाखल करायचे कागद ५,०००, साठवणूक ४,०००, प्रथमोपचार व साहित्य २,०००, दोन सर्वेक्षणांचा प्रवास आणि होडी ८,०००, उरलेले १,००० राखीव. एवढ्यात भागवता आलं पाहिजे. देणगीवर चालणारं काम वेगळ्या खात्याच्या रकान्यात दाखवा आणि देणगी थांबली की ते कामही थांबवा.

बँकेत दोन सह्या, त्यांपैकी एक खजिनदाराची. महाराष्ट्रात लेखापरीक्षण अहवाल वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत व्हायला हवा.

परदेशातल्या मराठी सभासदांच्या पैशाबाबत जपून राहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. ज्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी मात्र परकीय ठरते, मग तो दर गणपतीला रत्नागिरीला येत असला तरी. परकीय योगदान कायद्याखालच्या परवान्याशिवाय ती घेता येत नाही. अशा सभासदांकडून पैशाऐवजी काम घ्या: लिस्बन, लंडन, द हेग इथल्या अभिलेखागारांत जहाजांच्या नोंदी शोधणं त्यांना आपल्यापेक्षा सोपं आहे, आणि पोर्तुगीज-डच वाचणारा एखादा सभासद गटाला कुठल्याही देणगीपेक्षा मोलाचा.

श्रेय आणि विद्यार्थी

वाद पैशावरून कमी आणि लेखावरच्या नावांवरून जास्त होतात. सर्वेक्षणाला निघण्याआधी एका कागदावर लिहा: पहिलं नाव कुणाचं, आकृत्या कुणी काढायच्या, कुणी मधेच सोडलं तर काय. विद्यार्थ्याने काढलेल्या आकृतीखाली त्याचं नाव छापायचंच. त्याला दिलेल्या प्रमाणपत्रात ‘सहभाग’ असं मोघम लिहू नका. किती तास, कुठलं काम, हे लिहा. नोकरीच्या मुलाखतीत तेच उपयोगी पडतं. टेप धरायला आणि सामान वाहायलाच कुणाला तीन हंगाम ठेवलं, तर तो चौथ्या हंगामात येत नाही आणि येऊही नये.

सूत्रं सोपवताना

सचिव बदलताना जुन्या आणि नव्या माणसाने एक पूर्ण दिवस एकत्र बसावं. सगळे पासवर्ड बदलून नवे मोहोरबंद पाकिटात अध्यक्षांकडे. तिन्ही प्रती उघडून पाहाव्यात आणि कुठल्याही पाच नोंदी निवडून त्यांचे फोटो, मापं आणि अहवाल खरोखर उघडतात का ते तपासावं. उघडले नाहीत तर सूत्रं सोपवलेली नाहीत असं धरा. बँकेचे नमुने आणि चेंज रिपोर्ट त्याच आठवड्यात.

घटनेत गट बंद करण्याचंही कलम हवं, आणि ते सगळं सुरळीत चालू असताना लिहावं. पैसा दुसऱ्या समान उद्दिष्टाच्या संस्थेकडे जातो. नोंदवही मात्र कुणाही सभासदाच्या घरी राहू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या, ग्रंथालय आणि अभिलेख सांभाळणाऱ्या संस्थेशी आधीच लेखी करार करून दरवर्षी मार्चअखेर नोंदवहीची प्रत तिथे ठेवावी. बंद भागाची प्रत मोहोरबंद असेल आणि ती कुणी, कुठल्या कामासाठी उघडायची, हे त्याच करारात लिहिलेलं असेल.